रान म्हणजे कुणाचं तरी रान

‘ह्रॉस ई ऑस’ या आइसलँडच्या सिनेमातली प्रत्येक गोष्ट घोड्याच्या डोळ्यापासून सुरू होते. पडदाभर एकच डोळा, ओला आणि चकचकीत. नीट बघितलं की त्यात माणसाचं प्रतिबिंब दिसतं, लहानसं आणि जरा वाकडं. मग आपण त्या माणसांच्या भानगडींत शिरतो. एक गोष्ट संपली की पुन्हा दुसरा डोळा, दुसरं प्रतिबिंब.

दिग्दर्शक बेनेडिक्ट एर्लिंग्सन हा मुळात नाटकातला माणूस. २०१३चा हा त्याचा पहिला मोठा सिनेमा. जगभर तो ‘ऑफ हॉर्सेस अँड मेन’ या नावाने फिरला. सान सेबास्तियन महोत्सवात त्याला नव्या दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी नॉर्डिक कौन्सिलचा चित्रपट पुरस्कारही मिळाला. मूळ नावाचा अर्थ ‘आपल्या आतले घोडे’ असा काहीसा होतो. जेमतेम ८० मिनिटांचा सिनेमा आहे आणि त्यात संवाद इतके कमी आहेत की सबटायटल्स नसली तरी फारसं अडणार नाही.

या सिनेमाबद्दल आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या फोनवर सतत येणारी एका वेगळ्या प्रकारची दृश्यं. ढगाळ आकाश, हिरवट-काळा माळ, लांबवर बर्फाचा डोंगर आणि त्यातून एका रांगेत चाललेले घोडेस्वार. कधी आइसलँड, कधी मंगोलिया. खाली लिहिलेलं असतं की इथे माणसाचा स्पर्श नाही, इथे तुम्ही स्वतःला भेटाल. घोड्यावरच्या सुट्टीचा हा धंदा आता चांगलाच बसलेला आहे. पुण्यातल्या ऑफिसात माझ्या आसपासचे लोक अशा ट्रिपांचे हिशोब मांडतात तेव्हा व्हिसा, विमान, गरम कपडे या सगळ्यांचे रकाने असतात. घोड्याचा मात्र नसतो, कारण तो पॅकेजमध्येच येतो.

आमच्या कामात ‘युजर जर्नी’ असा एक शब्द आहे. ॲप उघडणाऱ्या माणसाला पहिल्या स्क्रीनपासून शेवटच्या स्क्रीनपर्यंत काय काय दिसेल, कुठे तो अडखळेल, कुठे खूश होईल, याचा नकाशा. त्या नकाशात फक्त युजर असतो. सामान पोचवणारा, गोदामात उभा असणारा, रात्री कॉल घेणारा, यांचा प्रवास त्यात नसतो. घोड्यावरच्या सुट्टीची जी वर्णनं आणि व्हिडिओ आपण बघतो, ते सगळे असेच युजर जर्नीचे नकाशे आहेत. खोगिरावर बसलेल्याला काय दिसलं आणि त्याला काय वाटलं, एवढंच. ‘ह्रॉस ई ऑस’चं मोठेपण मला यात वाटतं की त्यात पर्यटक आहे, पण सिनेमा त्याचा नाही. पाच-सहा गोष्टींपैकी एक गोष्ट त्याची. बाकीच्या गोष्टी तिथे राहणाऱ्यांच्या आहेत, आणि त्यांना ‘निसर्ग’ बघायला वेळ नाही.

पहिली गोष्ट कोलबेनची. टापटीप माणूस. सकाळी आपली पांढरी घोडी ग्राउना हिच्यावर खोगीर चढवतो आणि ऐटीत शेजारच्या सोलवेगकडे चहापाण्याला निघतो. आख्खं खोरं दुर्बिणीतून हे बघत असतं. घराघरांच्या खिडक्यांतून, कुंपणाआडून भिंगांची चमक दिसते. कोलबेन परत निघतो आणि सोलवेगचा काळपट घोडा कुंपण तोडून येतो, थेट ग्राउनावर चढतो. कोलबेन खोगिरावरच बसलेला. सिनेमाच्या पोस्टरवर हेच दृश्य आहे, आणि हसू येतंच. पण पुढच्या काही मिनिटांत कोलबेन घरी जाऊन त्या लाडक्या घोडीला गोळी घालतो. चार लोकांत इज्जत गेली, म्हणून.

बीड जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही हे समजायला आइसलँडचा इतिहास वाचावा लागत नाही. लोक काय म्हणतील यासाठी जनावराला, बायकोला किंवा पोरीला किंमत मोजावी लागते, हे आमच्याकडेही घडतं. फक्त आमच्याकडे दुर्बिणी लागत नाहीत, पारावर बसून सगळं दिसतं. हजारो किलोमीटरवरचं खोरं एकदम ओळखीचं वाटायला लागतं आणि तिथेच ‘माणसाचा स्पर्श नसलेला प्रदेश’ ही जाहिरात फुस्स होते.

दुसऱ्या एका गोष्टीत एक माणूस घोड्यासकट समुद्रात शिरतो, दूर उभ्या असलेल्या रशियन जहाजावरून दारू आणायला. घोडा पोहतो, माणूस वर बसलेला. तो दारू घेऊन किनाऱ्यावर परत येतो आणि ती पिऊनच मरतो. घोडा तिथेच उभा. गोष्ट हसवते आणि हसू ओठांवर असतानाच अंत्ययात्रा निघते. एर्लिंग्सनची ही सवयच आहे. तो विनोद आणि मरण यांच्यात श्वास घ्यायला जागा ठेवत नाही.

पर्यटकाची गोष्ट येते ती या सगळ्यानंतर. हुआन हा स्पॅनिश बोलणारा, उबदार देशातला तरुण. खोऱ्यातल्या योहाना नावाच्या मुलीवर त्याचं मन बसतं आणि तो पर्यटकांच्या घोडेस्वारीच्या सहलीत सामील होतो. त्याला नीट बसता येत नाही. तो मागे पडतो. वादळ येतं, बर्फ पडायला लागतो, रस्ता दिसेनासा होतो. थंडीने मरायची वेळ आल्यावर तो सोबतच्या घोड्याला मारतो, त्याचं पोट फाडतो, आतडी बाहेर काढतो आणि त्या गरम पोकळीत शिरून रात्र काढतो. सकाळी तो जिवंत सापडतो.

घोड्यावरच्या सुट्टीवर याहून बोचरी टीका मी पाहिलेली नाही. जाहिरात सांगते की तुम्ही घोड्याशी एकरूप व्हाल. सिनेमा ते शब्दशः करून दाखवतो. पर्यटक घोड्याच्या पोटात शिरून वाचतो आणि घोडा संपतो. अनुभव पूर्ण झाला.

त्याच वेळी सिनेमा हुआनची टिंगल करून थांबत नाही. त्याच्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं, हे आपल्याला कळतं. आणि आइसलँडमध्ये घोड्याला मारणं ही काही न ऐकलेली गोष्टही नाही. तिथे घोडा पाळतात, त्याच्यावर बसतात, त्याचं मांस खातात. दहाव्या शतकाच्या आसपास वसाहत करायला आलेल्या नॉर्स लोकांनी बोटींतून हे घोडे आणले. बाहेरून घोडा आणायला बंदी आहे, आणि इथला घोडा एकदा देशाबाहेर गेला की त्यालाही परत येता येत नाही. त्यामुळे ठेंगण्या बांध्याची, दाट आयाळीची ही जात शेकडो वर्षं भेसळीशिवाय राहिली. तिची ‘टोल्ट’ नावाची चाल प्रसिद्ध आहे. स्वार जवळजवळ हिंदकळत नाही, अशी ती सरकत जाणारी चाल. मोठ्या सहलींत स्वारांसोबत मोकळ्या घोड्यांचा कळप पळवत नेतात आणि वाटेत घोडे बदलतात, म्हणजे एकाच जनावरावर दिवसभर भार पडत नाही. ही व्यवस्था पर्यटकांसाठी निघालेली नाही. रस्ते नव्हते तेव्हा लांबचा प्रवास असाच व्हायचा. पर्यटक आज जो ‘अनुभव’ विकत घेतो, तो कुणाच्या तरी आजोबांची रोजची वहिवाट होती.

वहिवाट हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण सिनेमातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटेबद्दलच आहे. एका शेतकऱ्याने जुन्या घोडेवाटेवर काटेरी तार ताणलेली असते. एक म्हातारा घोडेस्वार येतो, पक्कड काढतो आणि तार कापतो. वाट सगळ्यांची आहे, असं त्याचं म्हणणं. मालक ट्रॅक्टरवर बसून त्याच्या मागे लागतो. या भांडणात एकाचा जीव जातो आणि दुसऱ्याच्या डोळ्यावर तुटलेली तार बसते. समीक्षकांनी सहसा कोलबेनच्या घोडीबद्दल आणि हुआनच्या रात्रीबद्दल लिहिलं, कारण ती दृश्यं विसरता येत नाहीत. मला मात्र तारेच्या गोष्टीत सिनेमाचा कणा दिसतो. या खोऱ्याला मालक आहेत, बांध आहेत, बांधावरची भांडणं आहेत. पर्यटकाला जे मोकळं दिसतं त्याचा इंच न् इंच कुणाच्या तरी नावावर आहे किंवा कुणाच्या तरी पायाखालचा आहे.

इथे मराठी भाषा आपल्याला मदत करते. इंग्रजीतल्या ‘वाइल्डरनेस’ला मराठीत काय म्हणायचं? अरण्य म्हटलं तर झाडं आली, ओसाड म्हटलं तर काहीच उरलं नाही. जवळचा शब्द ‘रान’. पण मराठवाड्यात ‘रानात जातो’ म्हणजे शेतात जातो. ‘आमचं रान’ म्हणजे आमची जमीन. रानात जनावरं चरतात, ज्वारी पिकते, विहीर असते, भावकीचा वाद असतो. रान हे जंगलही आहे आणि सातबाराही. या एका शब्दात जे आहे ते जाहिरातींच्या भाषेत मावत नाही, कारण रान म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाचं? एर्लिंग्सनचा सिनेमा नेमका हाच प्रश्न विचारतो. म्हणून मला त्यातला निसर्ग ‘वाइल्डरनेस’पेक्षा ‘रान’ जास्त वाटतो.

आता तारेवरून पुन्हा आमच्याकडे येऊ. बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची रांग जाते. पाटोद्याच्या बाजूला मांजरा उगम पावते. या पठारांवर दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे फिरताना दिसतात. मेंढ्यांचा कळप, कुत्री, कोंबड्या, आणि सोबत दोन-चार बुटकी, काटक घोडी. घोड्यांच्या पाठीवर आख्खा संसार असतो. भांडी, वाकळा, जाळ्या, वर बांधलेलं करडू, कधी लहान मूलही. रात्री शेतात मेंढरं बसवायची, शेताला खत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे. ही घोडी म्हणजे बहुतेक आपल्या राज्यगीतात ज्यांचा उल्लेख आहे त्या भीमथडीच्या तट्टांचीच नात्यागोत्यातली. पुणे, सोलापूर, सातारा, नगर या पट्ट्यातल्या धनगरांनी आणि इतर फिरत्या समाजांनी ही जात टिकवली, आणि अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली.

नोंद झाली, पण वाट अरुंद होत चालली आहे. जिथे पाणी आलं तिथे उसाने वर्षभर जमीन धरली, म्हणजे सुगीनंतर मोकळं पडणारं रान उरलं नाही. माळावर पवनचक्क्या आल्या, गायरानांवर कुंपणं आली. ज्या वाटेवरून पूर्वी कळप जायचा तिथे तार आहे. आमच्याकडचा मेंढपाळ पक्कड काढून ती कापत नाही, कारण कापल्यावर काय होईल ते त्याला माहीत आहे. तो वळसा घालतो. एर्लिंग्सनच्या म्हाताऱ्याला तार कापायची हिंमत होते, कारण तोही त्याच खोऱ्यातला, बरोबरीचा माणूस आहे. हा फरक लक्षात ठेवला तर सिनेमाची ताकद कळते, आणि मर्यादाही.

मर्यादेबद्दल बोलायचं तर त्याच वर्षीचा, २०१३चा, आपला एक सिनेमा शेजारी ठेवून बघावा लागेल. नागराज मंजुळेचा ‘फँड्री’. दोन्ही त्या-त्या दिग्दर्शकांचे पहिले मोठे सिनेमे. दोन्हींत जनावर आणि गाव. दोन्हींत सगळ्यात मोठी घटना म्हणजे गावाचं बघणं. ‘फँड्री’त जब्याचं कुटुंब डुकरं पकडतं आणि गाव बसून मजा बघतं, टोमणे मारतं, फोटो काढतं. ‘ह्रॉस ई ऑस’मध्ये खोरं दुर्बिणीने बघतं. पण आइसलँडच्या खोऱ्यात दुर्बीण प्रत्येकाकडे आहे. आज मी तुझ्यावर हसलो, उद्या तू माझ्यावर. त्या बघण्यात एक प्रकारची समानता आहे, म्हणून शेवटी सगळं खोरं घोडे गोळा करायला एकत्र येतं आणि कोलबेन-सोलवेगचा उघड्या माळावरचा संगमही लोक दुर्बिणीतून कौतुकाने बघतात. ‘फँड्री’त बघण्याचा हक्क एकाच बाजूला आहे. जब्याने उलटून बघायचं ठरवलं की हातात दगडच घ्यावा लागतो, आणि तो दगड थेट आपल्यावर येतो.

एर्लिंग्सन आपल्यावर दगड टाकत नाही. तो आपल्याला हसू देतो, शहारू देतो आणि सोडून देतो. हुआनची रात्र संपते आणि प्रेक्षक म्हणून आपलीही सुटका होते. पैसे देऊन हे खोरं बघायला आलेले आपणही पर्यटकच आहोत, ही जाणीव सिनेमा टोकापर्यंत नेत नाही. सहल चालवणारा कोण, मेलेला घोडा कुणाचा, त्याची भरपाई कोण देणार, यावर एक चकार शब्द नाही. घोड्याच्या डोळ्यातही आपल्याला दिसतो तो माणूसच. घोड्याला काय दिसतं हे विचारायला निघालेला सिनेमा शेवटी आरसा होऊन थांबतो. माझी या सिनेमाबद्दलची मोठी तक्रार हीच आहे. घोडा मरतो, माणूस शहाणा होतो. ही जुनीच गोष्ट झाली.

तरीही तो एक पाऊल पुढे गेलेला सिनेमा आहे, हे कळायला आपल्याकडच्या घोड्यावरच्या सुट्टीकडे एकदा बघावं. आपल्यासाठी ती सुट्टी म्हणजे माथेरान, महाबळेश्वर, आणि पैसे साठवून एकदा काश्मीर. माथेरान तर जणू घोड्यांसाठीच राखलेलं गाव. दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. तिथून चालायचं, मिनी ट्रेन मिळाली तर ती घ्यायची, नाहीतर घोडा. १९०७पासून डोंगर चढणारी ती छोटी गाडी, लाल माती, झाडीतल्या वाटा. मुंबई-पुण्याच्या कितीतरी मराठी घरांतल्या अल्बममध्ये घोड्यावर बसलेल्या मुलाचा फोटो असतो. त्या फोटोत घोड्याचा लगाम धरलेला एक हातही असतो. तो हात बहुतेक वेळा कोपरापाशी कापलेला असतो.

गेल्या काही वर्षांत माथेरानच्या बातम्या वाचल्या तर त्या हातामागचा माणूस थोडा दिसायला लागतो. ई-रिक्षा आल्या, तेव्हा घोडेवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला. हातरिक्षा ओढणाऱ्यांना मात्र ई-रिक्षा हव्या होत्या, कारण माणसाने माणसाला ओढायचं किती दिवस? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ऑगस्ट २०२५मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. या वादात पर्यावरण आहे, पोट आहे, शाळेत डोंगर चढून जाणारी मुलं आहेत, म्हाताऱ्यांचे गुडघे आहेत. म्हणजे एका कादंबरीचा, निदान एका चांगल्या सिनेमाचा ऐवज आहे. आपण त्यावर काय बनवलं? ‘माथेरान इन वन डे’ आणि ‘घोडेवाले किती घेतात’ असे व्हिडिओ. भाव ठाऊक असणं उपयोगाचं आहे, त्याला माझी हरकत नाही. पण भाव सांगून गोष्ट संपते, तिथे खरं तर ती सुरू व्हायला हवी होती.

काश्मीरचं तर बोलायलाही जड जातं. २२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातले सहा पर्यटक होते. त्या कुरणापर्यंत गाडी जात नाही, लोक चालत किंवा घोड्यावरून जातात. मारल्या गेलेल्यांत एक स्थानिक होता, सय्यद आदिल हुसेन शाह. पर्यटकांना घोड्यावरून वर नेणारा. हल्लेखोरांना अडवताना तो गेला, असं त्याच्या घरच्यांनी आणि वाचलेल्यांनी सांगितलं. त्या दिवसानंतर देशभर त्याचं नाव घेतलं गेलं. त्याआधी पहलगामच्या हजारो मराठी फोटोंत, व्हिडिओंत आणि प्रवासवर्णनांत किती घोडेवाल्यांची नावं आली होती? घोडेवाल्याला नाव मिळायला त्याला मरावं लागलं. ही टीका कुण्या एका लेखकावर नाही. आपण प्रवासाबद्दल लिहिण्याची जी रीत पाडली, तिच्यावर आहे.

मराठीत प्रवासवर्णनांची परंपरा मोठी आहे आणि तिने आपल्याला जग दाखवलं. पण तिचा मुख्य स्वर ‘मी गेलो, मी पाहिलं, मला वाटलं’ असाच राहिला. गमतीशीर गाइड, भाव करणारा दुकानदार, भोळा घोडेवाला ही तिथली ठरलेली पात्रं. फोनवरच्या व्हिडिओंनी ही रीत मोडली नाही, उलट तिला नव्वद सेकंदांत कोंबली. ‘ह्रॉस ई ऑस’सारखा सिनेमा या रीतीला सरळ उलटं करतो. पर्यटक गमतीशीर पात्र होतो आणि स्थानिक माणसं पूर्ण, गुंतागुंतीची, कधी क्रूर माणसं होतात. आपल्या प्रवासलेखनाला हे उलटं करून बघायची फार गरज आहे.

आणि हे करायला आमच्या जिल्ह्यातल्या पोरांहून योग्य कोण? आमचं घडणंच दोन्ही बाजूंना झालेलं आहे. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल, बैलगाडी, पालं, लेकरं. सहा-सहा महिने लोकांच्या रानात राहणं. त्याच गावांतून आम्ही काही जण इंजिनिअरिंग करून पुण्याला येतो आणि शनिवारी-रविवारी ‘ऑफबीट’ जागा शोधतो. एकाच गावातून निघालेल्या या दोन प्रवासांपैकी एकाला आपण स्थलांतर म्हणतो आणि दुसऱ्याला भटकंती. आइसलँडच्या खोऱ्यात उतरलो तर आम्ही हुआन असू, थंडीने काकडणारे, घोड्यावर नीट बसता न येणारे, रंगाने वेगळे. बालाघाटावर मात्र आम्ही त्या खिडकीतले, दुर्बीण धरलेले. दोन्ही जागा ज्याला आतून माहीत आहेत, त्याच्याकडून वेगळ्या लिखाणाची अपेक्षा करायला हरकत नाही.

शिवाय घोडा आपल्यातून पूर्ण गेलेला नाही. १७६३मध्ये बीड जिल्ह्यातल्याच राक्षसभुवनला गोदावरीकाठी निजाम आणि पेशवे लढले, तेव्हा या मुलखातून हजारो घोडी धावली असतील. आज घोडा दिसतो तो वरातीत किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला डीजेसमोर नाचवला जाताना. पण भाषेत तो सगळीकडे आहे. आपण खर्चाला पायबंद घालतो, आणि पायबंद म्हणजे घोड्याच्या पायाला बांधायची दोरी. फालतू माणसांची खोगीरभरती करतो. जिभेला लगाम घालतो. उशिरा सुचलं की वरातीमागून घोडं येतं. आणि कुठलंही काम अडलं की विचारतो, घोडं पेंड कुठे खातंय? एर्लिंग्सनच्या सिनेमाचं नाव ‘आपल्या आतले घोडे’ असं आहे. मराठी माणसाच्या आत घोडे शिल्लक आहेत ते असे, जिभेवर. प्रत्यक्षातली जी उरलीत ती मेंढपाळांबरोबर वळसे घालत चाललीत.

घोड्यावरच्या सुट्टीबद्दलच्या आपल्या लिखाणात घोडं पेंड खातंय ते याच ठिकाणी. खोगिरावरून लांबचं दिसतं, पण लगाम धरलेला माणूस दिसायला मान खाली वळवावी लागते. तेवढं केलं तरी लिखाण बदलेल. घोड्याचं नाव काय, तो मालकीचा की भाड्याचा, पावसाळ्यात त्याला काय खायला घालता, सीझन संपला की तुम्ही काय करता, ही वाट आधी कुठून जायची, असे चार-पाच साधे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं व्हिडिओतून कापायची नाहीत.

‘ह्रॉस ई ऑस’ बघाच. मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तम, नाहीतर फोन आडवा धरून. हसायला येईल तिथे हसा. हुआनची रात्र आली की डोळे मिटावेसे वाटतील, मिटू नका. आणि तारेची गोष्ट आली की जरा थांबून विचार करा, तुमच्या गावातली कुठली वाट हल्ली बंद झाली आहे, आणि तिच्यावरून पूर्वी कोण जायचं.